चेहऱ्याचा ओळंबा

एक डॉलरची अमेरिकी नोट कधी हातात आली, तर तिच्यावरच्या जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या तोंडाकडे जरा निरखून बघा. ओठ आवळून धरलेले, ओठांभोवतीचा भाग किंचित फुगल्यासारखा. करारी मुद्रा म्हणून आपण ते सोडून देतो. पण ज्या चित्रावरून ही छबी घेतली ते गिल्बर्ट स्टुअर्ट यांनी १७९६ मध्ये काढलं, तेव्हा वॉशिंग्टन कवळी वापरत होते. १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांचा स्वतःचा एकच दात उरला होता. ही कवळी लाकडाची होती असं सांगतात, ती मात्र शब्दशः दंतकथा! त्यांच्या कवळ्या हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, माणसांचे दात आणि धातू यांच्या होत्या. वरची आणि खालची कवळी मागच्या बाजूला स्प्रिंगांनी जोडलेली असे. स्प्रिंगा सतत जबडा उघडू पाहणार आणि माणसानं तो सतत मिटून धरायचा.

त्या कारागिरांचा हात काही कच्चा नव्हता. एकेक दात ते सुबक कोरत. अडचण वेगळीच होती. तो दात चेहऱ्यात नेमका कुठे बसायला हवा, किती पुढे, किती खाली, कोणत्या कलानं, हे मोजायचं साधन त्यांच्यापाशी नव्हतं. आज हेच माप कॅमेरा आणि संगणक मिळून घेतात. दरम्यानच्या सव्वादोनशे वर्षांत साधनं पार बदलली. पण एक प्रश्न मात्र प्रत्येक साधनापुढे नव्यानं उभा राहिला. मोजायचं खरं, पण कशापासून?

हे माप लागतं कशाला, ते आधी पाहू. आपला वरचा जबडा कवटीला पक्का जोडलेला आहे. हलतो तो खालचा. कानाच्या अगदी पुढे बोट ठेवून तोंडाची उघडझाप करा, बोटाखाली काही तरी सरकताना लागेल. ती खालच्या जबड्याची बिजागरी. आता घरातला अडकित्ता आठवा. सुपारी खिळीजवळ धरली तर पातं लहान वर्तुळात फिरून तिच्यावर येतं, टोकाशी धरली तर मोठ्या वर्तुळात. दातांचंही तसंच आहे. वरचे दात या बिजागरीपासून किती लांब आहेत, त्यावर खालचे दात कोणत्या वाटेनं येऊन त्यांना भिडणार ते ठरतं. भरीला ही बिजागरी मोठी विचित्र. तोंड मोठं उघडलं की तिची खीळच पुढे घसरते!

आणि कवळी तयार होते ती तोंडात नव्हे, टेबलावर. दंतवैद्य माप घेतात, त्या मापावरून प्लॅस्टरचा ठसा तयार होतो आणि तंत्रज्ञ त्या ठशावर दात लावतो. टेबलावरच्या या ठशाला ना कान, ना नाक, ना डोळे. बिजागरीपासूनचं अंतर चुकलं आणि पुढे दातांची उंची थोडी कमी-जास्त करावी लागली, की टेबलावर चपखल बसणारी कवळी तोंडात एखाद्या दाढेवर आधी टेकू शकते. कल चुकला तर हसताना दातांची ओळ एका बाजूला उतरलेली दिसते. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, असं आपण म्हणतो. चणेही आहेत, दातही आहेत, पण ते डबीत ठेवून मऊ भातावर दिवस काढणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या घरात होऊन गेली आहेत. हा सगळा उद्योग त्यांच्यासाठी आहे.

या उद्योगाची सुरुवात मेणापासून झाली. प्रशियाचा राजा फ्रेडरिक याचे दंतवैद्य फिलिप फाफ यांनी १७५६ मध्ये मेणाच्या मापावरून प्लॅस्टरचा ठसा काढण्याची पद्धत लिहून ठेवली. पुढे १८०५ मध्ये गॅरियो या फ्रेंच दंतवैद्यानं वरचा आणि खालचा ठसा पुन्हा पुन्हा त्याच जागी जुळवता येईल अशी रचना वर्णिली. दोन्ही जबडे एकमेकांशी जुळले, पण चेहऱ्याशी त्यांचं नातं अजून जुळलं नव्हतं.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या कामाची निकड एकदम वाढली. १८४६ मध्ये बॉस्टनचे दंतवैद्य विल्यम मॉर्टन यांनी ईथर देऊन वेदनेशिवाय शस्त्रक्रिया होऊ शकते हे जाहीरपणे दाखवलं. दात काढून घेणं सुसह्य झालं. त्यानंतरच्या दशकात टणक रबर आलं आणि सोन्या-हस्तिदंतात अडकलेली कवळी सामान्य माणसाच्या आवाक्यात आली. श्रीमंतांच्या एकेका कवळीवर महिनोन् महिने घालवणं निराळं आणि शेकडो लोकांना चावता येईल अशी कवळी देणं निराळं. त्यासाठी नियम हवा होता.

तो नियम सापडला असं अमेरिकेतले विल्यम बॉनविल यांना वाटलं. त्यांनी असंख्य जबडे मोजले आणि सांगितलं, की दोन बाजूंच्या दोन बिजागऱ्या आणि खालच्या पुढच्या दोन दातांमधला बिंदू यांचा एक समभुज त्रिकोण होतो. प्रत्येक बाजू चार इंच. १८५८ मध्ये त्यांनी या हिशेबावर एक कृत्रिम जबडा, म्हणजे आर्टिक्युलेटर, बनवला. त्यात ठसे बसवून चावण्याची हालचाल टेबलावर करून पाहता येई. निसर्ग भूमितीच्या वहीतूनच चेहरे काढतो, अशी त्यांची श्रद्धा होती. चार इंच ही सरासरी म्हणून वाईट नाही. पण सरासरी पायाच्या मापाचा जोडा घालून कोण चालणार? ज्याचा चेहरा सरासरीत बसत नाही, त्याचं काय?

याचं व्यवहारी उत्तर १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो गावच्या जॉर्ज स्नो यांनी दिलं. त्यांच्या साधनाचं नाव फेसबो. नावाप्रमाणे ती चेहऱ्यासमोर धरायची एक कमान. तिची दोन टोकं दोन्ही कानांपुढे, बिजागरीच्या जागेवर टेकवायची. मधोमध एक चपटा काटा, त्यावर मेण, ते वरच्या दातांत धरायचं. स्क्रू आवळले की बिजागरी आणि वरचे दात यांचं नातं कमानीत पक्कं होतं. मग ती कमान तशीच्या तशी उचलून टेबलावरच्या यंत्राला लावायची आणि काट्यावर वरचा ठसा बसवायचा. आता यंत्रात सरासरी माणसाचा नव्हे, समोर बसलेल्या माणसाचा जबडा आला. साधन साधंच, पण त्यातला विचार मोठा होता. हा विचार आजच्या संगणकातही तसाच आहे.

फेसबोनं अंतर दिलं. कलाचं काय? गवंडी भिंत बांधताना ओळंबा सोडतो, पाणसळ लावतो. चेहऱ्यावर पाणसळ कुठे लावायची? दोन टोकं कानांपाशी धरली, तरी कमानीचं पुढचं तोंड वर-खाली होऊ शकतं. म्हणजे तिसरा बिंदू हवा. नाकाशी धरा किंवा डोळ्याखाली धरा. हा बिंदू आणि त्यावरून जाणारी रेघ दंतवैद्यांनी उसनी घेतली ती कवट्या मोजणाऱ्यांकडून. इथे ही गोष्ट दातांच्या दवाखान्यातून बाहेर पडते.

अठराव्या शतकात हॉलंडमध्ये पेत्रुस कॅम्पर नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. नाकाच्या पाळीपासून कानापर्यंत जाणारी त्यांच्या नावाची रेघ कवळी बनवताना आजही शिकवली जाते. त्यांनी चेहऱ्याचा कोन मोजला. माकड, निरनिराळ्या देशांतली माणसं आणि ग्रीक पुतळे त्यांनी ओळीनं मांडले. कॅम्पर स्वतः सर्व माणसं एकाच मुळातून आली असं मानणारे. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी ती ओळ शिडी म्हणून वाचली. खालच्या पायरीवर कोण आणि वरच्या पायरीवर कोण, हे त्यांनी कोनमापकावर ठरवून टाकलं.

पुढच्या शतकात कवट्या मोजणारे इतके वाढले, की प्रत्येकाची आडवी रेघ वेगळी. मापांची तुलनाच होईना. शेवटी १८८२ मध्ये जर्मनीतल्या फ्रांकफुर्ट इथे मानवशास्त्रज्ञ जमले आणि कानाच्या छिद्राची वरची कड ते डोळ्याच्या खोबणीची खालची कड ही रेघ आडवी मानायची असं ठरलं. मानायची, हा शब्द इथे महत्त्वाचा. तो एक करार होता. कवटीवर अशी रेघ कुणी आखून ठेवलेली नाही. पण करारानं ठरलेली गोष्ट शंभर वेळा वापरली की ती निसर्गानंच दिली असं वाटू लागतं.

आपल्याकडेही त्या मापपट्ट्या आल्या. ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनी बंगालमध्ये नाकाची लांबी-रुंदी मोजून १८९१ मध्ये जातींची उतरंड मांडली आणि पुढे तेच १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त झाले. माप खरं असेल, पट्टीही खरी असेल. पण कुणाला शून्यावर ठेवायचं आणि कुणाला वर, हे मोजणारा आधीच ठरवून बसलेला असेल, तर त्या अचूकतेचा उपयोग काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांत एक मराठी नाव आहे आणि ते आपल्याला वेगळ्याच कारणासाठी ठाऊक आहे. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे. इरावतीबाई १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. तिथल्या कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेटसाठी काम केलं. विषय होता माणसाच्या कवटीची स्वाभाविक असममिती, म्हणजे डावी-उजवी बाजू एकसारखी नसणं. कवटीच्या या वाकडेपणाचा वंशाशी संबंध असावा, असं मार्गदर्शकांचं अनुमान होतं. इरावतीबाईंनी निरनिराळ्या प्रदेशांतल्या कवट्या मोजल्या आणि निष्कर्ष काढला, की तसा संबंध दिसत नाही. असममिती सगळीकडेच आहे. हा प्रबंध १९३१ मध्ये छापला गेला. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत एका तरुण मुलीनं हे लिहिलं. त्यानंतर थोड्याच वर्षांत त्या देशात वंशाच्या नावाखाली काय घडलं, ते आठवलं म्हणजे त्या निष्कर्षाचं मोल कळतं.

आता हेच दातांकडे आणा. कवटी सगळ्यांचीच थोडी वाकडी असते. म्हणजे आपले दोन कान एका पातळीवर असतीलच असं नाही. चष्म्याची काडी एका बाजूला वाकवून घ्यावी लागते, ती याचमुळे. फेसबोची टोकं मात्र कानांवर टेकतात आणि यंत्रात ती दोन्ही टोकं एका उंचीवर येतात. कानांचा वाकडेपणा यंत्रात सरळ होतो आणि त्याचा भुर्दंड दातांच्या ओळीला पडतो. रुग्ण आरशात पाहतो आणि म्हणतो, डॉक्टर, दात तिरके दिसताहेत. त्याचं खरं असतं. आणि यंत्रावर सगळं सरळ असतं, हेही खरं असतं.

यातून सुटण्यासाठी काही जणांनी संपूर्ण चेहराच टेबलावर आणायचं ठरवलं. १९१५ च्या सुमारास हॉलंडमधले व्हान लून यांनी रुग्णाच्या चेहऱ्याचा प्लॅस्टरचा मुखवटा काढला आणि दातांचे ठसे त्यात नेमक्या जागी बसवले. नंतरच्या दशकात बर्लिनचे पाउल सिमॉन यांनी दातांचे ठसेच असे कापले, की त्यांची वरची बाजू फ्रांकफुर्टच्या रेघेशी जुळावी. डोळ्याखालून सोडलेली उभी रेघ वरच्या सुळ्यातून जाते, असा नियमही त्यांनी मांडला. पुढच्या मोजण्यांत तो टिकला नाही. चार इंचांच्या त्रिकोणाची जी गत, तीच याची.

मग आली क्ष-किरणांची पाळी. १९३१ मध्ये, म्हणजे इरावतीबाईंचा प्रबंध छापला त्याच वर्षी, अमेरिकेत क्लीव्हलँडला हॉली ब्रॉडबेंट आणि जर्मनीत हर्बर्ट होफ्राथ यांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती जाहीर केली. डोकं एका चौकटीत ठरावीक पद्धतीनं धरायचं आणि ठरावीक अंतरावरून क्ष-किरण छायाचित्र घ्यायचं. आता जिवंत माणसाच्या कवटीत वरचे दात कुठे आहेत ते कागदावर मोजता येऊ लागलं. तेच मूल दरवर्षी त्याच चौकटीत बसवलं, की चेहरा कसा वाढतो तेही कळू लागलं. दात सरळ करण्याच्या, म्हणजे तारा लावण्याच्या शास्त्राचा पाया यातून पक्का झाला. पण ते छायाचित्र म्हणजे सपाट सावली. डावी-उजवी बाजू एकावर एक पडलेली.

सावलीतून पुन्हा घनाकृती चेहऱ्याकडे नेलं ते संगणकानं. फ्रान्समध्ये फ्रान्स्वा द्युरे यांनी १९७३ च्या प्रबंधात प्रकाशानं दातांचं माप घेण्याची कल्पना मांडली. १९८५ मध्ये झुरिच विद्यापीठात व्हेर्नर म्योरमान आणि अभियंता मार्को ब्रांडेस्टिनी यांनी तोंडात कॅमेरा धरून दाताचं माप घेतलं आणि दातात बसवायचा सिरॅमिकचा तुकडा तिथल्या तिथे यंत्रानं कापून त्याच बैठकीत बसवला. याच झुरिचमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्फ्रेड गिझी यांनी जबड्याच्या हालचाली नोंदवून आर्टिक्युलेटरला वेगळं वळण दिलं होतं. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीला कोन बीम सीटी आला. त्यानं जबड्याचं हाड तिन्ही मितींत दाखवलं. चेहऱ्याचं घन चित्र घेणारे कॅमेरे आले आणि २०१७ पासून तर खोली मोजणारा कॅमेरा काही मोबाइल फोनमध्येच बसला.

आजची पद्धत साधारण अशी. पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरवतात. तो भराभर चित्रं घेतो आणि संगणक ती एकमेकांना शिवत जातो. मग चेहऱ्याची घन छबी घेतात, एकदा ओठ मिटून, एकदा हसताना. हसताना दिसणारे पुढचे दात दोन्ही चित्रांत असतात. त्यांच्या खुणेनं दातांचं चित्र चेहऱ्याच्या चित्रात बसवलं जातं. किंवा खुणा असलेला काटा दातांत धरायला देतात आणि त्यावरून जुळवतात. म्हणजे स्नो यांचा काटा आणि व्हान लून यांचा मुखवटा, दोन्ही परत आले! फरक इतकाच, की प्लॅस्टरच्या जागी लक्षावधी बिंदू आहेत. मोठा फायदा म्हणजे तंत्रज्ञाला आता चेहरा दिसतो. कान वर-खाली असले तरी डोळ्यांची रेषा, नाकाचा मध्य, ओठांची कड पाहून तो दातांची ओळ लावू शकतो.

पण यालाही मर्यादा आहेत. चित्रं शिवताना होणारी बारीक चूक एका टोकाच्या दाढेपासून दुसऱ्या टोकापर्यंत साठत जाते. हसू दर वेळी तेच नसतं. आणि ज्यांना कवळीची सर्वांत जास्त गरज, त्यांना दातच नाहीत, मग दोन चित्रं कुठल्या खुणेनं जुळवायची? तिथे अजून मेणाची पट्टीच तोंडात ठेवावी लागते. निव्वळ माप हवं म्हणून सीटी काढणंही योग्य नाही, कारण त्यात किरणोत्सर्ग असतो.

इतकं माप घेऊन लोकांना नीट चावता येतं का, हेही तपासलं गेलं. कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्ये १२२ जणांवर एक प्रयोग झाला. तो २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना सगळे पारंपरिक सोपस्कार करून कवळी दिली, काहींना फेसबो वगळून, सोप्या पद्धतीनं. लोकांच्या समाधानात फरक आढळला नाही. याचा अर्थ फेसबो फेकून द्यावा असा नाही. तोंडातले बरेच दात नव्यानं उभारायचे असतील, जबड्याची शस्त्रक्रिया करायची असेल, चेहरा फार वाकडा असेल, तर चेहऱ्याशी नातं जुळवण्याला पर्याय नाही. पण साध्या कवळीसाठी रुग्णाला महागड्या मापाचा आग्रह धरताना हा प्रयोग आठवायला हवा. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला जवळच्या गावी, परवडेल अशा दरात कवळी मिळते की नाही, हा प्रश्न मिलिमीटरच्या शंभराव्या भागापेक्षा मोठा आहे.

आणि मोजायचं कशापासून, या मूळ प्रश्नाचं काय? १९५८ मध्ये मोरेस आणि कीन या संशोधकांनी एक साधी गोष्ट पुन्हा पुढे आणली. कवटीवरची कोणतीच रेघ सगळ्यांत सारखी नसते. तेव्हा माणसाला सरळ उभं करा, समोरच्या आरशात स्वतःच्या डोळ्यांत बघायला सांगा आणि डोकं ज्या स्थितीत सहज राहील ती स्थिती खरी धरा. मग छायाचित्रात उभी रेघ दाखवायला काय टांगतात, माहीत आहे? चक्क ओळंबा. वजन बांधलेली साखळी.

चेहऱ्याच्या आतून सरळ रेघ शोधण्यात दीडशे वर्षं गेली. ती बाहेर, गुरुत्वाकर्षणात आणि त्या माणसाच्या सहज नजरेत सापडली. आजचा संगणक दशांश चिन्हानंतर दोन-तीन आकडे सहज दाखवतो. ते आकडे खरेही असतात. पण त्यांच्या मागचा शून्य कुठे ठेवायचा, हे अजूनही कुणी तरी माणूसच ठरवतो. मापाच्या खुर्चीत बसलेल्यानं डॉक्टरांना एवढं विचारायला हरकत नाही, की हे कशापासून मोजलंत? आणि मोजणाऱ्यानं रुग्णाच्या हाती आरसा देऊन विचारावं, तुम्हाला सरळ वाटतं का?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)